आजीचा घास

ओग्दो गोठ्याच्या भिंतीवरचं शेण फावड्याने खरवडत होती, तेव्हा प्रोकोपी खांद्यावर पिठाची पिशवी आणि हातात लोण्याचा डबा घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. थंडी अडवायला लिंपलेलं शेण मे महिन्यात भिंत सोडायला लागतं. ते वेळेवर काढलं नाही, तर उन्हाळाभर गोठ्यात माश्यांचं राज्य. ओग्दोने त्याला पाहिलं आणि फावडं चालूच ठेवलं.

"वरच्या वळणावर बर्फ हलला, ओग्दोताई," तो म्हणाला. "आताच फोन आला होता. उद्या दुपारपर्यंत आपल्याकडे पोचेल."

"पोचू दे की. मी काय वाट अडवून उभी आहे?"

"फेदोस्याकाकू गेल्या, आता गावात वडील तुम्हीच. आजीला घास तुमच्याच हातचा जायला हवा."

"मी नाही घालणार."

प्रोकोपीने पिशवी कुंपणावर टेकवली. बेस्तीर गावचा तो प्रमुख. माणसांची समजूत काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. अडून बसलेल्या गाईलाही तो दोन शब्द बोलून उठवतो, असं लोक चेष्टेने म्हणत.

गावाजवळून जाणाऱ्या नदीचं नाव नकाशावर लेना आहे. पण काठावर राहणारं कोणीही पाण्याजवळ ते नाव घेत नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसाला कोणी नावाने हाक मारतं का? तिला आजी म्हणायचं. आजी दक्षिणेतून निघते आणि उत्तरेच्या समुद्राकडे जाते, त्यामुळे तिचा वरचा बर्फ आधी सुटतो आणि खालच्या, अजून घट्ट असलेल्या बर्फावर येऊन आदळतो. तिथे तुंबला तर गावंच्या गावं पाण्याखाली जातात. म्हणून बर्फ सुटायच्या दिवशी सगळ्यांत वडील बाईने लोण्यातली धिरडी करायची. पहिला तुकडा विस्तवाला, दुसरा आजीला, आणि उरलेली धिरडी तिने स्वतः प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. ते धिरडं पोटात गेल्याशिवाय त्या वर्षी कोणी होडी पाण्यात घालत नाही. शहरात शिकून आलेलेही घालत नाहीत.

"सगळं गाव अडून बसेल, ताई. जाळी कधी टाकायची? पलीकडे जायचं कसं?"

"तिचं पोट भरलंय. गेल्या वर्षी माझा लेक एर्चिम खाल्लाय तिने, ट्रकसकट. अजून ढेकर दिलेला नाही, म्हणजे पचवत बसली असेल."

प्रोकोपीने मान खाली घातली.

"आजीने नेलं, ताई. तिच्यापुढे कोणाचं चालतं?"

हे वाक्य ओग्दोने वर्षभर गावातल्या प्रत्येक तोंडून ऐकलं होतं. आजीने नेलं. कोणी डोळे पुसत म्हणालं, कोणी दुकानात साखर तोलताना म्हणालं. एर्चिमचं शरीर हाती लागलं नाही, त्यामुळे माती द्यायलाही काही उरलं नव्हतं. म्हातारे सांगतात की हिवाळा हा एक मोठा बैल आहे, वसंतात तो मेला की त्याचं धड बर्फाबरोबर समुद्राकडे वाहत जातं आणि हिवाळ्यात गेलेल्या माणसांना सोबत नेतं. एर्चिमही त्याच्याबरोबर गेला, अशी तिची समजूत घालून झाली होती. ओग्दोला त्या बैलाचाही राग येत होता.

"पीठ परत घेऊन जा," ती म्हणाली. "राहू दे एक वर्ष उपाशी. बघू तरी म्हातारीत किती जोर आहे."

त्याने पिशवी आणि डबा कुंपणापाशीच ठेवला आणि तो निघून गेला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. थोड्या वेळाने शेजारची अकुलिना हात पुसत आली.

"पाण्यात राहून माशाशी वैर करतेस होय गं, ताई?"

"मासा असता तर चिरून खारवला असता."

अकुलिनाला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. "तुझं दुःख कळतं गं. पण आमच्या घरात पाणी शिरलं म्हणजे?"

"पलंगावर चढून बस. नाहीतरी दिवसभर तिथंच असतेस."

एर्चिमची बायको कुन्नेई दुधाची बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आली. वर्षभरात ती इतकी वाळली होती की एर्चिमचा कोट तिच्या अंगावर लोंबत होता.

"बरं केलंत, आई," ती म्हणाली. "माझ्याकडून तर तिला थुंकीसुद्धा मिळणार नाही."

अकुलिनाने घाईघाईने नदीच्या दिशेला पाहिलं आणि काढता पाय घेतला.

संध्याकाळी गाई बांधून झाल्यावर ओग्दो काठावर गेली. म्हातारीला तोंडावर चार शब्द सुनावायचे होते. ते तिने वर्षभर मनात घोळवले होते, आणि त्यातले बरेचसे सुनेसमोर बोलण्यासारखे नव्हते.

पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा दिसत होता. मधे सगळा बर्फ पसरला होता, काळा पडलेला, कडेने पाणी सुटलेला. हिवाळाभर ट्रक जायचे तो रस्ता त्यावर अजून उठून दिसत होता, कारण दाबला गेलेला बर्फ सगळ्यात शेवटी विरघळतो. वाट दाखवायला रोवलेल्या फांद्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. आणि रस्ता नदीत उतरतो तिथे दोन खांबांवर लांब दांडा आडवा टाकलेला होता. रस्ता बंद झाला की तो टाकतात.

गेल्या वर्षीही तो टाकलेला होता. प्रोकोपीने स्वतःच्या हाताने उचलला. सकाळच्या गारठ्यात बर्फ धरतो, एकच फेरी, असं म्हणाला. पलीकडच्या शहरातून ज्याला जे हवं होतं ते त्याने एर्चिमला सांगितलं, आणि निम्मं गाव त्याला हात करायला इथे उभं होतं. ओग्दोची गाय वीत होती, म्हणून ती गोठ्यात होती. हे कोणी लपवलं नव्हतं. फक्त त्यानंतर कोणी ते तोंडातून काढलं नव्हतं.

दूर कुठेतरी बर्फाला कडाडून तडा गेला. थोड्या वेळाने दुसरा, जवळ. मग सबंध पात्रभर कण्हल्यासारखा आवाज पसरत गेला आणि कडेचं पाणी बुटांपर्यंत आलं. गेल्या वर्षी एर्चिम निघायच्या आधीही असेच आवाज येत होते. ओग्दोला गोठ्यात ते ऐकू येत होते आणि गाय दचकत होती.

तिने बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. दांड्यापाशी जाऊन तिने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. खांबांना बांधलेली तार घट्ट होती. बराच वेळ ती त्या दांड्याला धरून उभी राहिली. मग तिने डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि घराकडे वळली. कुंपणापाशी पडलेली पिठाची पिशवी आणि डबा तिने जाता जाता उचलला.

"हे काय, आई?" कुन्नेईने विचारलं.

"सकाळी मोठा तवा काढ."

"घालणार तिला?"

"घालणार."

कुन्नेईने पाठ फिरवली. "मग मी काठावर येणार नाही."

"यायचं," ओग्दो म्हणाली. "बाकी कोणी नाही आलं तरी तू यायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ आला. आधी गडगडाट, मग वरच्या वळणावरून घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, घसरत, काठाची माती ओरबाडत निघाले. हिवाळ्याचा रस्ता मधोमध मोडला आणि फांद्यांसकट वाहू लागला. सगळं गाव रबरी बूट घालून काठावर जमलं होतं. ओग्दो भूर्जाच्या सालीची टोपली कमरेवर घेऊन आली तेव्हा लोकांनी वाट करून दिली, आणि अकुलिनाने शेजारणीला कोपराने ढोसलं. ओग्दोताईने हट्ट सोडला एकदाचा.

प्रोकोपी रिवाजाप्रमाणे रांगेत पहिला होता. त्याने आधीच ओंजळ पुढे केली होती.

ओग्दोने काठावरच्या लहानशा विस्तवात तुकडा टाकला. लोणी तडतडलं. दुसरा तुकडा तिने पाण्यात टाकला, आणि तिथून मागे न फिरता टोपली उचलून सगळीच्या सगळी नदीत पालथी केली. पिवळी धिरडी बर्फाच्या तुकड्यांमधे तरंगली, फिरली आणि दिसेनाशी झाली.

"ताई, अहो, आम्हाला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"वर्षभर तुला शिव्या घातल्या, आजी," ओग्दो पाण्याकडे बघत म्हणाली. तिला हळू बोलायची सवय नव्हती आणि आज तर मुळीच हळू बोलायचं नव्हतं. "तू बोलावलं नव्हतंस त्याला. तू घसा फोडून नको म्हणत होतीस. खा. सगळं तुझंच आहे."

मग ती लोकांकडे वळली. टोपली तिने उलटीच धरली होती.

"तिच्या डोक्यावर खापर फोडून झालं ना वर्षभर? बास झालं. दांडा आपोआप वर गेला नव्हता. ज्याने जे केलं, जे सांगितलं, ते त्याने इथे तिच्यासमोर तोंडाने बोलायचं. जो बोलेल त्याच्यासाठी उद्या पुन्हा तवा ठेवीन. बाकीच्यांना होड्या घालायच्या तर खुशाल घाला. माझ्या हातचं मिळणार नाही."

"ताई," प्रोकोपी खालच्या आवाजात म्हणाला, "हे आपण घरात बसून बोलू. लोकांसमोर कशाला?"

"लोकांसमोरच उचलला होतास."

त्याची ओंजळ अजून पुढेच होती. ती त्याच्या लक्षात आली, तेव्हा त्याने हात खिशात घातले. कोणी नदीकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. बर्फ घासत जात होता. कुन्नेई सगळ्यांच्या मागे उभी होती, ती हळूहळू पुढे येऊन सासूच्या शेजारी उभी राहिली.

"मी भिंतीला लावायचा कागद सांगितला होता," अकुलिना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचा चेहरा लाल झाला होता.

"निळ्या फुलांचा. जुना चांगला होता गं, पण मलाच नको झाला होता. तो म्हणाला, मावशी, घडी न पाडता आणतो." ती थांबली. "मी त्याला जाऊ नको म्हणाले नाही. मला कागद हवा होता."

ओग्दोने रिकामी टोपली कुन्नेईच्या हातात दिली.

"सकाळी ये," ती अकुलिनाला म्हणाली.

अकुलिनाच्या मागे कोणीतरी घसा खाकरला. तो प्रोकोपी नव्हता. पण घराकडे निघालेली ओग्दो थांबली, आणि ऐकायला उभी राहिली.