आसरांना आवतण

माझ्या सासूबाईंकडे दोन पदं आहेत. एक नगरसेविकेचं आणि दुसरं गावच्या धवलारणीचं. पहिलं लोकांनी दिलंय, त्यामुळे ते दर निवडणुकीला हात जोडून परत मागावं लागतं. दुसरं त्यांना आत्याकडून मिळालं आणि ते काही सुटत नाही. आगरी लग्नात भटजी यायच्या आधी धवलारीण येते. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. मी मूळची नगरची. मिथुनशी लग्न ठरलं तेव्हा सासू नगरसेविका म्हणून आमच्याकडचे हुरळून गेले होते. धवलारणीचं प्रकरण मला लग्नानंतर कळलं, आणि खरं सांगायचं तर मी नाक मुरडलं होतं.

आमचं गाव तळवलीच्या अलीकडे. शेतं गेली, खाडीकडे टॉवर उभे राहिले आणि मधे गाव उरलं. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा गावकीच्या पुरुषांना एक गप्प बसणारी बाई हवी होती. त्यांनी माझ्या सासूबाईंना, भागीरथीबाईंना, उभं केलं. ही फक्त लग्नात तोंड उघडते, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि विषयाला हात घालायच्या आधी त्यांनी प्रभागातल्या सगळ्या पाड्यांची, आळ्यांची, बुजलेल्या विहिरींची नावं घेतली. त्यांना वाटलं, कुठल्याही कामाची सुरुवात अशीच करायची असते. सभागृह हसलं. पण त्यांनी ती सवय सोडली नाही, आणि पुढे पुढे त्या उभ्या राहिल्या की हसणारे गप्प बसायला लागले. त्यांनी शाळा बांधून घेतली, गटारं करून घेतली, टॉवरवाल्यांचा पाण्याचा प्रश्नही सोडवला. भाषण असं त्यांना आजही येत नाही.

या वेळची निवडणूक त्या गावच्या तलावावर जिंकल्या. तो बुजवून तिथे पार्किंगची बहुमजली इमारत उठवायचा ठराव येणार होता. ‘तलाव ऱ्हाईल,’ एवढंच त्यांनी प्रचारात सांगितलं होतं. सभागृहात दोन्ही बाजू अशा तुल्यबळ होत्या की सगळं एका मतावर आलं होतं. त्या हजर राहिल्या तर ठराव पडणार, नाही राहिल्या तर मंजूर. शब्द मोडला असता तर गावात पुन्हा मान वर करता आली नसती, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ठरावाच्या मागे होते पंढरीशेठ. शेजारच्या प्रभागाचे नगरसेवक, पण राहायला आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. गळ्यात जाड चेन, पांढरीशुभ्र गाडी आणि पार्किंगचं कंत्राट मिळवणारा मेव्हणा. एके दिवशी ते घरी आले आणि जाईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नाचा विडा सासूबाईंच्या हातात दिला. विडा घेतला की धवलारीण त्या घराची झाली. मांडवाच्या दिवशी सकाळी बसायचं ते हळद लागेपर्यंत त्या लग्नाचं काम सोडून कुठे जायचं नाही, स्वतःच्या घरी कोणी वारलं तरी. सासूबाईंनी विडा घेतला. मग सभेची तारीख जाहीर झाली. मांडवाचाच दिवस, दुपारची वेळ.

माझं डोकं फिरलं. “आई, सरळ सरळ डाव आहे हा. विडा परत करा.”

“घेतलेला विडा परत नाय देत.”

“मग तब्येत बरी नाही म्हणून सांगा.”

“जाईनी काय केलाय? तिचा लगीन हाय,” त्या म्हणाल्या आणि लुगड्याला इस्त्री करायला सांगितली.

मांडवाच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले, मांडीवर फोन आणि मनात राग घेऊन. पंढरीशेठ रेशमी सोवळं नेसून बायकोबरोबर पाटावर होते. ते खुशीत दिसत होते. हल्ली धवले अर्ध्या तासात उरकतात, कारण डीजेवाला बाहेर ताटकळत असतो. तेवढे झाले की बाप मोकळा. तो सभेला जाऊ शकतो. धवलारीण जाऊ शकत नाही.

सासूबाईंनी सुरुवात केली. आवाज काही गोड नाही त्यांचा, थोडा खरखरीतच. गावदेवी आली, वेताळ आला, खाडीकडचा बापदेव आला. मग पंढरीशेठच्या घरची माणसं यायला लागली. आजा, पणजा, मिठागरावर उन्हाने गेलेली चुलती, बाळंतपणात गेलेली थोरली बहीण. प्रत्येक नावाला पंढरीशेठना सुपारी ठेवून ‘आली’, ‘आला’ म्हणायचं होतं. बहिणीच्या नावाची सुपारी त्यांनी दोन्ही हातांनी ठेवली. मांडवातल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला त्याचा रागही आला, कारण मी रागवायला आले होते.

अर्धा तास कधीच उलटून गेला. पंढरीशेठच्या माणसाने दारातून घड्याळ दाखवलं.

“भागीरथीवयनी,” पंढरीशेठ हळूच म्हणाले, “हल्ली कोन एवरा म्हनतं? थोडक्यात आटपा ना.”

“विडा तू दिलास, पंढरी. धवलारनीला जसा बांधतो तसा घरधन्यालाबी बांधतो. आता आसरांना बोलवाचा हाय. ऊठ.”

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, आमच्या गावच्या तलावात राहणाऱ्या सात बहिणी. त्यांना मांडवात बसून बोलावत नाहीत. घरधन्याने अनवाणी पाण्यापर्यंत जायचं, आवतण द्यायचं आणि मुलीच्या हळदीच्या अंघोळीसाठी तिथलं पाणी आणायचं. गावात सगळ्यांनी हे सोडून दिलं होतं. नळाच्या पाण्यावर भागायचं. सोडलं होतं, विसरलं मात्र कोणी नव्हतं. पंढरीशेठनी विडा दिला तेव्हा फक्त धवलारणीला बांधायचा विचार केला. जन्माने आगरी असलेल्या माणसाकडून ही चूक कशी झाली, हे मला अजून कळत नाही.

अख्खा मांडव तलावाकडे निघाला. पुढे सासूबाई गात होत्या, मागे नवराबायको, त्यांच्या मागे हिरव्या साडीतली जाई. पंढरीशेठ गुडघाभर पाण्यात उतरले आणि थांबले. पुढे काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते पाठ होतं, माझ्याशिवाय. काठावर त्यांच्या माणसाच्या हातातला फोन वाजत होता. सासूबाई पंढरीशेठकडे बघतही नव्हत्या, डोळे मिटून गात होत्या. त्यांनी एका शब्दाने त्यांना डिवचलं असतं तर ते उलटले असते, असं मला वाटतं. जाई मात्र बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “बोला ना.”

“आयांनो,” पंढरीशेठ म्हणाले आणि थांबले. मग घाईने, खाली मान घालून म्हणाले, “माझे पोरीचे लग्नाला या. तुमचा घर मी राखतंय, माझा घर तुमी राखा.”

त्यांनी कळशी भरली, ती बायकोच्या हातात दिली आणि ओल्या सोवळ्यावरच गाडीत बसून सभेला गेले. सासूबाई मांडवात परतल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. मला त्यांना गदागदा हलवून विचारायचं होतं की आता तो माणूस काय करेल. पण धवलारणीला मधे टोकत नाहीत, एवढं मी एव्हाना शिकले होते.

दोनेक तासांनी सभा बघायला गेलेल्या मिथुनचा फोन आला. पंढरीशेठनी ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर ओरडत होते आणि ते खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ठराव पडला होता. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई कोण आहे हे मला माहीत नव्हतं, आणि मला तिची चक्क भीती वाटली. देवळात एकटं असताना वाटते तशी. मी कशीबशी त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.

त्या जिंकल्यासारख्या हसल्या नाहीत. हळदीची वाटी त्यांच्या हातात होती, बायका जाईला पाटावर बसवत होत्या, डीजेवाल्याने बटण दाबायला हात पुढे केला होता. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली.

“थांबवा सगला,” त्या म्हणाल्या. “पोरीला हलद लागल्याबगर बापाला पानी घेता येत नाय. सकालधरना उपाशी हाय तो. त्याला शिव्या देतील तिथं, कोन बसाला खुर्चीबी देनार नाय. तो येल तवाच हलद लागल. पयली बोटं त्याची.”

मांडवभर माणसं, डीजे, जेवणावळ, सगळं एका हरलेल्या माणसासाठी थांबलं. ऊन उतरताना पांढरी गाडी आली. पंढरीशेठ उतरले, आणि एवढी माणसं आपली वाट बघत बसलेली पाहून दारातच उभे राहिले. सासूबाई उठल्या, वाटी घेऊन त्यांच्यापर्यंत गेल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना मुलीपाशी घेऊन आल्या.