ताटातली बोरं

"महाराज, हलू नका. मिशी वाकडी बसली तर प्रजा हसेल," नाम म्हणाला आणि बोंगच्या ओठावर डिंकाचं बोट दाबून उभा राहिला.

नाम राजाच्या सेवकाचं काम करायचा. बोंग मान-सोक राजाचं. तो हलला नाही. न हलणं हीच त्याची लायकी होती. सगळी हयात त्याने कोरियात, सोल शहराच्या रस्त्यांवर बस चालवली, म्हणजे बसूनच काढली. निवृत्तीनंतर राजवाड्यातल्या सांस्कृतिक फेरीसाठी एक राजा हवा होता, तेव्हा दगडासारखा बसून राहू शकणारा हाच एक निघाला. काम सोपं होतं. लाल झगा चढवायचा, सिंहासनावर बसायचं. सोल-मी नावाची मार्गदर्शक मुलगी पाहुणे घेऊन येई, ते गुडघे टेकून नमस्कार करत आणि याने मान किंचित हलवायची. बोलायचं मात्र नाही. कुणी कितीही हसवलं तरी नाही.

ऊन उतरायला लागलं होतं. कंबर धरली होती, खोट्या दाढीच्या डिंकाखाली हनुवटी खाजत होती आणि दिवसभराच्या नमस्कारांचा त्याला वीट आला होता. नमस्कार झग्याला होता, आपल्याला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या हक्काचा एक नमस्कार होता, तो त्याने स्वतःच्या तोंडाने नाकारला होता.

मुलगी, उन-गा, लग्न ठरवून घरी आली तेव्हाची गोष्ट. मुलगा हान-गल, सुतारकाम करणारा, अनाथाश्रमात वाढलेला. बोंगला मुलगा आवडला नाही असं नाही. त्याला मागेपुढे कुणी नाही, हे आवडलं नाही. "ज्याला घर कसलं ते माहीत नाही, तो तुला कसलं घर देणार? मला तुमचा नमस्कार नको," तो बोलून गेला. बायको असती तर तिने दोघांनाही गप्प केलं असतं, पण ती आधीच गेली होती. लग्नात नवरानवरी आईबापांपुढे वाकतात आणि आईबाप त्यांच्या ओच्यात सुकी बोरं टाकतात, एवढा साधा रिवाज. उन-गाच्या मावशीने नंतर फोनवर सांगितलं की दोन्हीकडची आसनं रिकामी होती, आणि बोरांचं ताट जसं मांडलं तसंच उचललं. मुलीला नंतर फोन करू, असं म्हणून बोंगने फोन ठेवला. मग ते राहूनच गेलं, आणि बरीच वर्षं गेली.

शेवटून दुसरा जथा आत आला. बहुतेकांनी बाहेरच्या दुकानांतून भाड्याने आणलेले जुन्या पद्धतीचे कपडे घातले होते. तिसऱ्या रांगेत, निळ्या घेरदार परकरात, उन-गा उभी होती. शेजारी हान-गल.

बोंगच्या मनात पहिल्यांदा पळून जायचं आलं, पण सिंहासनावरून पळता येत नाही. मग वाटलं, एवढी दाढी आहे, ओळखणार नाही. आणि लगेच, खरंच नाही ओळखलं तर?

सोल-मी नमस्कार शिकवत होती. हात कुठे, गुडघा कुठला आधी, आजींनी नुसती मान लववली तरी महाराज रागवायचे नाहीत. लोक हसत हसत वाकले आणि उठले. हान-गल मात्र जमिनीला कपाळ लावून तसाच राहिला. उठायचं कधी, हे त्याला कुणी शिकवलंच नसावं. बोंगला ते बघवेना.

उन-गा उठली आणि तिने सिंहासनाकडे पाहिलं. लहानपणी शाळा सुटली की ती त्याच्या बसमध्ये चढायची, पुढच्या सीटवर बसायची. चालकाशी बोलायला बंदी. म्हणून बापलेक वरच्या आरशातून बोलत, नुसत्या डोळ्यांनी. त्या आरशात त्याचं बाकीचं तोंड कधी दिसायचंच नाही.

सोल-मी जथ्याला पुढच्या चौकाकडे घेऊन निघाली. उन-गा निघाली नाही. तिने नवऱ्याला बाहीला धरून पुन्हा खाली बसवलं, स्वतः बसली आणि परकराचा घेर दोघांच्या मध्ये पसरला.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "आमची बोरं राहिलीत."

राजाच्या पुढ्यात चौरंगावर बोरांचं ताट होतं. शोभेचं. वसंतात आणून ठेवलेली बोरं आता पार चिवट झाली होती. बोंग ओणवा झाला, दोन्ही हातांनी ती सगळी उचलली आणि तिच्या ओच्यात टाकली. काही बाहेर पडली. हान-गलने ती एकेक करून वेचली, एक स्वतःच्या बाहीला पुसून तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला.

"गोड आहे," तो म्हणाला. ते गोड असणं शक्यच नव्हतं.

बाहेरून सोल-मीची हाक आली. उन-गाने ओचा मुठीत आवळून धरला, एकदा मागे वळून पाहिलं आणि दोघं गेली. नाम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

थोड्या वेळाने शेवटचा जथा घेऊन सोल-मी आली आणि रिकामं ताट बघून थबकली. "नामकाका, बोरं कुठं गेली?"

नाम काहीतरी रचून सांगणार, तोच सिंहासनावरून आवाज आला, दिवसभर न वापरल्याने घोगरा झालेला.

"घरची माणसं आली होती."

राजा बोलला म्हणून पाहुणे गोंधळले आणि कुणी न सांगताच गुडघे टेकायला लागले. बोंगच्या मिशीचं एक टोक ओलं होऊन सुटलं होतं. नाम पुढे झाला, अंगठ्याने ते टोक दाबलं आणि नमस्कार संपेपर्यंत तसाच धरून उभा राहिला.