मूलच्या बाजारातली चक्कर

मूल गावच्या आठवडी बाजारात कॉलेजातली रंजीता चक्कर येऊन पडली ती ठरल्याप्रमाणे, वांग्यांच्या ढिगाशेजारी, त्यातल्या त्यात स्वच्छ जागा पाहून. मानसशास्त्राचे सर म्हणाले होते, नुसतं वाचून माणूस कळत नाही, स्वतः संशोधन करा. पुस्तकात लिहिलं होतं, गर्दीत कोणी मदतीला येत नाही. कोण येतं ते टिपायला वर्गातला निकेश कडेला उभा होता.

ते पुस्तक लिहिणारा मूलला कधी आला नसावा. अख्खा बाजार धावला. जो तो आपली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरू लागला. चक्करेवर इकडे हाच पहिला इलाज. सगळ्यांत पुढे म्हातारा रामाजी. विकायला आणलेला कोंबडा काखेतून टाकून त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कोंबडा गेला तो गेलाच.

"डोळे उघड वो माय," तो रडकुंडीला आला.

पण ठरलेली वेळ संपल्याशिवाय डोळे उघडायचे नव्हते. रंजीता शास्त्राला जागली. चपला वाढत गेल्या. वेळ भरली तशी ती उठली आणि कोणाला काही न सांगता निकेशबरोबर निघून गेली.

कॉलेजात हे ऐकून सरांना घाम फुटला. "अगं, प्रयोग झाला की लोकांना खरं सांगायचं असतं! तो धडा वाचला नाही?"

तो धडा परीक्षेला नव्हता.

पुढच्या बाजारी तिनं कांदेवाल्याचा भोंगा मागून घेतला. "मागच्या बाजारी मी पडली, ते कॉलेजच्या प्रयोगाचं नाटक होतं. कोण धावतं ते निकेश लिहून घेत होता. माफ करा." बाजार पोट धरून हसला. कांदेही बरे खपले. रामाजी तेवढा हसला नाही.

"म्हणजे तुले काहीच झालं नोतं?"

"नाई, भाऊ."

"बरं झालं. मले वाटे, घरी गेल्यावर पोरगी वाचली का नाई."

त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर त्या रात्री तिच्या घशाखाली घास उतरला असता.

त्याच्या पुढच्या बाजारी रंजीता आणि निकेश भाजी घेत असताना भर उन्हात रामाजी कोसळला.

कोणी हललं नाही. "पाहा, बुढ्यालेही कालेजात घेतलं!" कोणीतरी ओरडलं.

वांगेवाली इंदुताई बसल्या जागेवरून म्हणाली, "निकेश, लिहून घे रे, मी नाई उठली!"

दोघातिघांनी फोटोत येऊ म्हणून केस सारखे केले. पुस्तक अखेर खरं ठरलं होतं.

रंजीता धावली. "खरंच पडले हो! नाटक नाई हे!"

लोक आणखी हसले. पोरगी आता रडायलाही शिकली होती.

तिनं रामाजीला ओढत सावलीत नेलं, निकेशला पाण्याला पिटाळलं, आणि काही सुचेना तेव्हा पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. तोंडावर पाणी पडलं तरी रामाजी हलला नाही, तशी हसणारी माणसं एकेक करून जवळ आली.

बऱ्याच वेळानं रामाजीनं डोळे उघडले. भोवतीची गर्दी पाहिली, रंजीताला पाहिलं, आणि ओशाळून म्हणाला, "पोरी, मी नाटक नोतो करत, बरं."

"मले माहीत आहे, भाऊ," ती म्हणाली. चप्पल खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.