डावीकडून चौथी तार

"तो रूळ राहू दे तिथेच, स्तामाती. आधी तुझी रॅकेट आण," लाम्ब्रोस कुंपणापासूनच ओरडला. मग जवळ येता येता त्याला ईस्टरच्या अभिवादनाची आठवण झाली. "आणि हो, ख्रिस्त उठला!"

"खराच उठला," मी म्हणालो आणि रुळाचा दांडा सोडला.

ईस्टर होऊन दोनच दिवस झाले होते. साऱ्या जगाचे खेळ आदल्या दिवशी अथेन्समध्ये सुरू झाले होते आणि टेनिसचं मैदान इलिसोस नदीच्या काठी, पुरातन पडक्या देवळाच्या उभ्या राहिलेल्या खांबांखाली, मी पहाटेपासून रूळ फिरवून सपाट करत होतो. दोघादोघांच्या सामन्यात लाम्ब्रोस आणि मी खेळणार होतो. उजवी बाजू लाम्ब्रोसची, डावी माझी. चार वर्षं आमची जोडी होती.

त्याच्यामागून एक उंच, उन्हाने नाक सोललेला तरुण आला.

"हा झुटर. स्वित्झर्लंडचा. काल शर्यतीत पहिल्याच फेरीत बाद झाला बिचारा. पण टेनिस काय खेळतो म्हणतोस! सकाळी राजवाड्यामागे मी पाहिलं. शुक्रवारी तो माझ्याबरोबर खेळेल."

"आणि मी?"

"अरे, स्वतःकडे बघ जरा. चाळीस दिवस तेलाचा थेंब नाही घेतलास. काटकी झालायस नुसती. परवा सरावात तिसऱ्या चेंडूला धापा टाकत होतास."

"उपास तुलाही होता."

"होता की. पण मामांकडे गेलो की आमलेट व्हायचं. देवळात पापा-अँथिमोसना सांगू नकोस." तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "राग मानू नकोस रे. जिंकलो तर नाव आपल्याच क्लबाचं होईल. त्याच्याकडे रॅकेट नाही, एवढंच."

लाम्ब्रोस मनुकांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मी न्यायालयातला नकलनवीस. क्लबाची वर्गणी मला झेपली नसती. मी मैदान राखायचो, सगळ्यांच्या रॅकेटींच्या तारा बसवायचो आणि त्या बदल्यात खेळायचो. पण माझी रॅकेट माझी होती. तिची लाकडी चौकट मी स्वतः तासली होती.

झुटर पुढे झाला. ग्रीक तो शाळेत शिकला होता. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. "हे सख्या," छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "तव आयुध मजसी देशील काय?"

लाम्ब्रोस पोट धरून हसला. "बघ! साक्षात पुराणातला वीर आलाय तुझ्या दारी."

मला हसू आलं नाही. मी खोपटातून रॅकेट आणली. हातात देताना अंगठा सवयीने डावीकडून चौथ्या तारेवर गेला. चौकटीच्या भोकापाशी, जिथे ती वळते, तिथे ती विरली होती. जोरदार दहा-वीस फटके झेलले असते तिने. पुढचं सांगता येत नव्हतं. नवी आतड्याची तार मी ईस्टरआधीच्या मोठ्या सोमवारीच सारांतोसच्या वाद्यांच्या दुकानातून आणून ठेवली होती. पण मोठ्या आठवड्यात आमच्याकडे कोणी खिळा ठोकत नाही, टोच्या हातात धरत नाही. प्रभूच्या हातापायांत खिळे गेले, ते दिवस. त्यामुळे तार राहिली ती राहिलीच. गुंडाळी अजून माझ्या जाकिटाच्या खिशात होती.

एक वाक्य बोलायचं होतं. मी रॅकेट दिली आणि परत रुळाकडे गेलो.

घरी माझ्या बायकोने, मारिगोने, ईस्टरची लाल अंडी पुढे ठेवली. माझ्या अंड्यावर तिने आपलं आपटलं, माझं फुटलं.

"दर वर्षी तुमचंच फुटतं," ती म्हणाली. "रॅकेट कुठंय?"

"दिली. लाम्ब्रोसच्या पाहुण्याला."

"म्हणजे तुमच्या जागी तो खेळणार? आणि तुम्ही काय करणार, रेषा आखायच्या चुन्याची बादली धरणार?" मग तिचं लक्ष जाकिटाकडे गेलं. "ती तार घातलीत का? आठ दिवस खिशात घेऊन फिरताय."

"हासुद्धा सणाचाच आठवडा. या दिवसांत काम करू नये."

"बरं. पण त्यांना सांगितलंत ना, तार विरलीय म्हणून?"

"मीठ दे," मी म्हणालो.

ती मीठ माझ्यापुढे सरकवून आत गेली.

बुधवारी झुटर सराव करत होता. मी कुंपणाबाहेरच्या वाटेने कामावर गेलो, पण पावलं रेंगाळली. तो खरंच सुंदर खेळत होता. लाम्ब्रोस "शाब्बास!" म्हणत होता, त्याच आवाजात, ज्या आवाजात चार वर्षं मला म्हणायचा. त्या "शाब्बास"वर माझं नाव लिहिलेलं नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दिवसभर न्यायालयात मी कुणाच्या तरी जमिनीच्या वादाची नक्कल उतरवत होतो आणि कान मात्र तार तुटल्याचा आवाज ऐकत होते. ऐकण्यात गोडी होती. हे लिहिताना मान खाली जाते, पण होती.

शुक्रवार उजाडला तो देवमातेच्या जीवनदायी झऱ्याचा सण. सामना दहाला होता. त्याआधी देवळात प्रार्थना.

आमच्या देवळात उजव्या बाजूला, स्तोत्रांची पोथी ठेवायच्या उंच चौरंगापाशी लाम्ब्रोस गायचा. मी त्याच्या बाजूला उभा राहून त्याचा सूर धरायचो. सूर धरणं म्हणजे एकच खालचा स्वर, न तोडता. गाणारा त्याच्यावरून वर जातो, वळणं घेतो, उतरतो, आणि परत आल्यावर पायाखाली जमीन असावी तसा तो स्वर तिथेच असावा लागतो. लोक गाणाऱ्याचं कौतुक करतात. सूर धरणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि जाऊही नये. मला हे काम फार प्रिय होतं. आमचे पाद्री पापा-अँथिमोस प्रवचनसुद्धा अर्धं गाऊनच करत, त्यांच्याही मागे मी मनातल्या मनात सूर धरायचो. उपासाच्या दिवसांत एकदा ते हात पसरून गायले होते, "पोटाला उपास घडवलात, लेकरांनो, डोळ्याला घडवलात का? शेजाऱ्याचं भरलेलं ताट बघून तो जेवतोच आहे!" तेव्हा मी रडलो होतो. मला वाटलं होतं, दुसऱ्यांसाठी रडतोय.

त्या सकाळी ईस्टरचं स्तोत्र आलं. द्वेष करणाऱ्यालाही आज भाऊ म्हणून कवटाळा, असा भाव असलेली ओळ लाम्ब्रोसने उचलली. त्याचा आवाज वर गेला आणि माझा स्वर तुटला. लाम्ब्रोस वरतीच अधांतरी राहिला, डळमळला, कसाबसा खाली आला.

बाहेर पायरीवर त्याने विचारलं, "काय झालं रे? बरं नाही का? तरी म्हणत होतो, उपासाने तुझी वाट लावलीय."

तेव्हाही एकच वाक्य बोलायचं होतं. "घशात धूर गेला," मी म्हणालो.

मैदानाभोवती माणसं दाटली होती. समोर अलेक्झांड्रियाहून आलेले दोघे ग्रीक, थंड डोक्याचे, पांढऱ्या टोप्या घातलेले. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा आपल्यांनी. मी चुन्याची बादली घेऊन जाळ्याच्या टोकाला उभा होतो. झुटरच्या प्रत्येक फटक्याला माझा श्वास थांबायचा. तिसऱ्या डावात चार-चार झाले. झुटर उडाला, चेंडू डोक्यावरून खाली हाणला आणि तडकन आवाज झाला. चेंडू पलीकडे जाऊन पडला, गुण आपलाच झाला, पण रॅकेटच्या पोटात तार लोंबत होती.

मनात ऐकलेला तो आवाज मी तीन दिवस चाखला होता. आता त्याला चव नव्हती.

तिथे नीट अशा चारच रॅकेटी होत्या आणि चारही मैदानात होत्या. पंचांनी घड्याळ काढून दहा मिनिटं दिली. लाम्ब्रोस रॅकेट घेऊन धावतच माझ्याकडे आला.

"स्तामाती, बसवशील ना? तूच बसवू शकतोस. पण सारांतोसचं दुकान बंद. तार आता आणायची कुठून? कुणाचं तरी वाद्य..."

मी जाकिटाच्या खिशात हात घातला आणि गुंडाळी बाहेर काढली. मग दुसऱ्या खिशातून टोच्या.

लाम्ब्रोसने गुंडाळीकडे पाहिलं, मग तुटलेल्या टोकाकडे. ते टोक आताच तुटल्यासारखं स्वच्छ नव्हतं. जुन्या दोरीसारखं पिंजलेलं होतं.

"ही कधीची?" त्याने हळूच विचारलं.

"मोठ्या सोमवारची."

"म्हणजे मंगळवारी, रॅकेट दिलीस तेव्हा..."

"खिशातच होती."

"आणि सकाळी घशात धूर गेला."

मी तुटलेली तार ओढून काढली. झुटर तोवर येऊन उकिडवा बसला होता. माझ्या हातातली तार पाहून त्याचा चेहरा उजळला. "हे सख्या! देवांनीच तुजला धाडिले! किती थोर तुझी दूरदृष्टी!"

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. एखादी शिवी मी सहज पचवली असती.

तार तोंडात ओली केली, भोकातून ओवली, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. सणाच्या दिवशी टोच्या हातात धरला होता. लाम्ब्रोस गुडघ्यावर बसला आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली, जशी तो चार वर्षं धरत आला होता.

"ओढ," तो म्हणाला. "अजून. ढिली राहिली तर बसवून उपयोग काय?"

मी ओढली. गाठ मारली. त्याने अंगठ्याने तार छेडली, कान देऊन ऐकली आणि उठून गेला.

ते हरले. पण रॅकेटमुळे नाही. झुटर आधीपेक्षाही चांगला खेळला. चुकला लाम्ब्रोस. दोन सोपे चेंडू, पोरानेही मारावेत असे, त्याने जाळ्यात घातले. दुसऱ्या वेळी त्याची नजर चेंडूवर नव्हती. माझ्या बादलीकडे होती.

संध्याकाळी झुटरने रॅकेट परत केली, मला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. लाम्ब्रोस आला नाही.

शनिवारी सकाळी मी देवळात गेलो, पण चौरंगापाशी नाही. दाराशी, मेणबत्त्या खोचायच्या वाळूच्या परातीमागे उभा राहिलो. मारिगोने मला पुढे ढकललं नाही. तिने एक मेणबत्ती लावली, मग तिच्या शेजारी आणखी एक.

स्तोत्राची वेळ झाली. लाम्ब्रोस उभा होता, पण गात नव्हता. पापा-अँथिमोसनी खाकरून पाहिलं. लोक माना वळवू लागले. मग लाम्ब्रोसने स्वर लावला, अगदी खालचा. तो त्याचा नव्हता, माझा होता. तेवढाच स्वर तो धरून राहिला. तो धरून असेपर्यंत त्याला वर जाता येणार नव्हतं, आणि त्याच्या छातीतली हवा संपत चालली होती.

माणसांमधून वाट काढत मी माझ्या जागी गेलो आणि त्याच्या स्वराखाली माझा स्वर ठेवला. त्याने श्वास घेतला आणि वर गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

तो माझ्याबरोबर पुन्हा कधी टेनिस खेळला नाही. कारण कुणी विचारलं तर म्हणायचा, स्तामातीचे गुडघे गेले. मीही मग गुडघ्यावर हात ठेवायचो. देवळात मात्र एकतीस वर्षं आम्ही शेजारी उभे राहिलो.

रॅकेट मी खोपटात खुंटीला लावली. जुन्या पिवळ्या तारांमध्ये ती एक पांढरी लांबूनही दिसायची. तीन-चार उन्हाळ्यांनी तीही पिवळी पडली आणि बाकीच्यांसारखी झाली. एकदा पाऊस लागला म्हणून लाम्ब्रोस खोपटात शिरला. मी चुना कालवत होतो. तो म्हणाला, "भिजलं बघ सगळं मैदान." मग उगाच रॅकेट खाली काढली, अंगठा फिरवला आणि न शोधता, डावीकडून चौथी तार छेडली. आवाज विरेपर्यंत ऐकली.

"टिकली," तो म्हणाला आणि रॅकेट परत खुंटीला लावली.