हॉबर्टची सही

झटका आलेल्या माझ्या नवऱ्याला, हॉबर्टला, इस्पितळातून घरी आणायचं तर खालच्या मजल्यावर रुंद दाराची एक खोली काढायला हवी होती आणि दिवसभर एक नर्स. नाहीतर डोंगरापलीकडच्या सरकारी वृद्धाश्रमात न्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी घर गहाण टाकून कर्ज काढायचं ठरवलं. घर दोघांच्या नावावर, म्हणून सही दोघांची लागणार. त्याची मला काळजी नव्हती. हॉबर्टचं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं. घरातलं मी ठरवायचे आणि तो सही करायचा.

कर्जवाल्यांनी सह्या घ्यायला नोटरी बाई थेट इस्पितळात पाठवली. बूट स्वच्छ, हातात बॅग. डार्लीन नाव.

"तू कोणाची गं?" मी विचारलं.

"स्टिडमांची. वरच्या ओढ्यावरच्या एल्बर्टची नात."

"म्हणजे तुझी आजी माझ्या मावशीची चुलत नणंद. घरचीच निघालीस."

"एवढं लांबचं नातं चालतं, मावशी," ती हसून म्हणाली. "जवळचं असतं तर नियमाने मला परत जावं लागलं असतं."

तिने कागद मांडले. हे व्याज जास्त आहे का, असं मी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही. कर्ज देणाऱ्यांना फोन लावून देऊ?"

"मग तू येतेस कशाला?"

"माणूस तोच आहे ना आणि आपल्या मर्जीने सही करतोय ना, एवढं बघायला."

"एवढ्यासाठी पोस्टातला शिक्कासुद्धा पुरला असता," मी म्हटलं. तिने पहिला कागद माझ्यापुढे सरकवला. मी माझ्या सगळ्या सह्या केल्या, एकही न अडखळता.

मग हॉबर्टच्या बोटांत पेन धरवलं आणि त्याची मूठ माझ्या मुठीत घेतली.

"मावशी, हात सोडा."

"त्याचा हात थरथरतो."

"थरथरू दे. वाकडीतिकडी चालेल, नुसती फुलीसुद्धा चालेल. पण त्यांची हवी."

"तोंड वाकडं झालंय त्याचं, डोकं नाही. सगळं कळतं त्याला. विचार हवं तर."

तिने विचारलं. त्याने नाव सांगितलं. कुठे आहात म्हटल्यावर "इस्पितळात" म्हणाला. कागद कसले म्हटल्यावर जरा वेळ घेतला आणि म्हणाला, "घराचे." मी डार्लीनकडे असं बघितलं, की आता काय म्हणतेस.

"हॉबर्टकाका, तुम्हाला सही करायची आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पेन चादरीवर ठेवून दिलं.

"नाही. घर गहाण नको. ओवाला राहू दे."

लग्न झाल्यापासून हा माणूस मला, त्याच्या ओवाला, कधी नाही म्हणाला नव्हता. आणि म्हणाला तेव्हा एका परक्या पोरीसमोर.

"त्याचं मनावर घेऊ नकोस," मी म्हटलं. "झटका आल्यापासून त्याला कळत नाही तो काय बोलतो."

डार्लीनने चादरीवरचं पेन उचललं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, कळत नसेल तर त्यांनी हो म्हटलेलंही मला धरता येणार नाही."

आजवर माझ्याच बोलण्यात मला कोणी धरलं नव्हतं.

"मग तू समजाव त्याला. तू शिकलेली आहेस. खोलीचं सांग, नर्सचं सांग."

"समजावणं माझं काम नाही. मला तुमच्या बाजूनेही बोलता येत नाही, त्यांच्याही नाही."

"बाहेर थांब मग. मी समजावते."

"आज नको, मावशी. त्यांनी स्वतः बोलावलं तर मी पुन्हा येईन. त्याचे वेगळे पैसेही घेणार नाही."

तिने कागद उचलले. माझ्या सह्यांचेही. जाताना तिने हॉबर्टच्या पायावरची चादर नीट केली. ते मला जास्त लागलं.

मी त्याला समजावलं. गोडीने, मग रागाने, मग जेवले नाही. तो खिडकीकडे तोंड करायचा. "बोलव तिला," एवढंच म्हण, असं मी म्हणायचे. तेवढं त्याने म्हटलं नाही.

इस्पितळाला खाट रिकामी हवी होती. त्याला गाडीत घालून वृद्धाश्रमात नेलं. रविवारी चर्च सुटलं की मी शिजवलेल्या घेवड्याचा डबा आणि मक्याची भाकरी घेऊन जाते. तिथलं अन्न मला कुत्र्यालाही घालवणार नाही. तो थोडं खातो, बाकीचं माझ्याकडे सरकवतो. दुपार कलली की म्हणतो, "निघ आता. वळणावर अंधार होतो. घरी जा."

मी म्हणते, जाते. आणि त्याच्या त्या घरी जाऊन एकटी बसते.