हातात द्यायचं नाही

चावडीत पोलिसांनी पत्र्याची पेटी ठेवून तीन दिवस झाले होते. सोमवारपर्यंत चाकू, सुरा, गुप्ती आणून टाकणाऱ्याचं नाव विचारणार नाही, खटला भरणार नाही; त्यानंतर बाजारात कुणाकडे सापडला तर थेट कोठडी, असा जिल्ह्याचा हुकूम होता. खेडच्या बाजारात अलीकडे बोलाचालीतून सुरे निघत होते. चार महिन्यांपूर्वी स्टँडसमोर दोघांचं भांडण सोडवायला मालनचे वडील, आप्पा, मध्ये पडले आणि तेच गेले. त्यांची कोयती कमरेच्या आकडीतच राहिली होती. तिला त्यांनी हातही लावला नव्हता.

सरकारने मागितलं आणि दिलं नाही, असं नको म्हणून गावाने पहिल्या दिवशी अकरा कोयत्या आणल्या. सोनूबाईने तर विळी आणली.

"आजी, मी काय इथं भाजी चिरत बसू?" हवालदार म्हणाला.

"ठेवून घ्या बाबा. मागनं म्हणाल, म्हातारीनं लपवली!"

हवालदाराने सगळं परत केलं. पेटी रिकामीच राहिली.

आपल्या घरातून त्या पेटीत काय जायला हवं, ते मालनला ठाऊक होतं. भावाच्या, धोंडूच्या, ट्रंकेत कपड्यांखाली त्याने मुंबईहून आणलेला खटक्याचा चाकू तिने आठ दिवसांपूर्वी पाहिला होता.

सोमवारी दुपारी धोंडू लोट्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघाला, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"पेटी आज उचलतायत. ट्रंकेतलं दे."

"ट्रंकेत नाय ते." त्याने खिशावर हात ठेवला. "आक्का, आप्पांना मारणारा जामिनावर सुटलाय. माझी बस थांबते तिथंच चहा पीत बसतो. हसतो पण."

"बाजार मीच करते. मला तो दिसत नाय काय?"

"मग?"

"आप्पांना मारलं तेव्हा तू तिथं होतास. मी नव्हते. तू आत गेलास तर साक्षीला कोण उभं राहील? मी काय सांगू कोर्टात, ऐकलेलं?"

धोंडूने खिशात हात घातला. मग त्याने चाकू काढून पुढे केला. मालनचा हात उचलला गेला आणि थांबला.

"खाली ठेव."

धारेची वस्तू आप्पा कधी हातोहात देत नसत. वैर येतं म्हणत. लहानपणी कोयती अशी पुढे केली म्हणून धोंडूने त्यांची थप्पड खाल्ली होती. तो वाकला, चाकू सारवलेल्या जमिनीवर ठेवला. त्याने हात काढून घेतल्यावरच तिने तो उचलला.

"जा आता. बस चुकेल."

चावडीत हवालदाराने हात पुढे केला. तिने चाकू त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"नाव?" सवयीने तो बोलून गेला. मग स्वतःच मान हलवून खाली वाकला.

पेटीतला तो पहिलाच चाकू होता.