नवा अँटेना हळू बोलतो

मित्रांनो, मी मोबाइलचा एक जुना अँटेना आहे. छापखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी खांबाला धरून मी उभा आहे. माझ्या डोक्यावर, त्याच खांबाला, नुकताच एक नवा येऊन बसला आहे. त्याचं नाव काढलं तरी माझा तिळपापड होतो.

मला इथे चढवलं ते मिस्त्रींनी. त्यांची भाची त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामांनी माझं तोंड बाजारपेठेकडे केलं आणि नटबोल्ट आवळले. तेव्हापासून मी एकाच दिशेला, एकाच जोराने बोलत आलो. समोर माणूस असो की मोकळं मैदान, जवळचा असो की लांबचा, माझा जोर तोच. वादळं आली, कावळ्यांनी अंगाखांद्यावर संसार मांडले, तरी मी काम सोडलं नाही. "आपला गडी खणखणीत आहे," असं मामा सगळ्यांना सांगायचे आणि माझी छाती फुगायची.

मग भाची इंजिनियर झाली आणि हा नवा घेऊन आली. त्याच्या पोटात म्हणे खूपसे छोटे अँटेना आहेत. ज्याचा फोन येईल त्याच्याकडे हा जागेवरूनच लक्ष वळवतो. माणूस जवळ असला की आपला जोर कमी करतो, आणि त्याच्या फोनलाही सांगतो, "तूही हळू बोल, मला पोचतंय." त्यामुळे शेजारच्या गच्च्यांवरच्या अँटेनांना याचा त्रास होत नाही. हे कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. मोठा शहाणा! मामांनी माझ्यादेखत त्याच्या कवचावरून हात फिरवला, तेव्हा मला इतका मत्सर वाटला की काय सांगू.

तरी मला आशा होती. मामा म्हणाले होते, "आधी मी बघणार. मला पटलं नाही तर जुनाच राहील." त्यांची परीक्षा ठरलेली होती. मामी मागच्या गल्लीत, दवाखान्याच्या तळघरात चादरी धुण्याचं काम करतात. मामा रोज दुपारी गच्चीवरून त्यांना फोन लावायचे, पण तिथे माझं बोलणं तुटक तुटक पोचायचं. मग मामा फोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडायचे. ओरडून तुटलेले शब्द जोडले जात नाहीत, पण मला कोण विचारतो?

भाचीने मला बंद केलं, नव्याला चालू केलं आणि मामांना फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं. मी मनात घोकत होतो, तुटू दे, तुटू दे.

"अगं, ऐकू येतंय का?" मामा सवयीने ओरडले.

"अहो, केवढ्यानं ओरडताय! कानठळ्या बसल्या माझ्या." मामी अगदी शेजारी उभ्या असल्यासारख्या बोलल्या. "रोज काय बिनसतं हो तुमचं?"

"बिनसतं कुठे? तुला ऐकू यावं म्हणून ओरडतो."

"अगंबाई! मला वाटायचं, मला फोन करायचा म्हटला की तुमचं डोकंच फिरतं."

भाची उगाचच वायर गुंडाळू लागली. मग मामा टाकीआड आले आणि इतकं हळू बोलले की मलाही जेमतेम ऐकू आलं, "नाही गं. दुपारी तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं मला."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन तुटला, असं वाटून मी हरखलो. पण तुटला नव्हता.

"मग हे इतक्या वर्षांत का नाही बोललात?" मामींनी विचारलं.

"हे ओरडून कसं बोलणार?"

मित्रांनो, तिथेच माझा निकाल लागला. मामांनी पाना भाचीच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "जपून उतरव हं. त्याला जमेल तेवढं त्यानं केलंय."

आता माझ्यातलं तांबं वितळवायला जाईल. ते वाया घालवू नका, एवढीच विनंती. आणि घरातलं कुणी तुमच्याशी फार मोठ्याने बोलत असेल, तर रागावण्याआधी जरा जवळ जाऊन बघा. आपलं पोचत नाही, अशी त्याला भीती वाटत असेल.

नव्याचीही काळजी घ्या. मी लोकांचे कितीतरी शब्द पोचवले, पण मामांचं ते एक वाक्य त्याच्या वाट्याला गेलं. त्याचा हेवा मला वितळतानाही वाटणार आहे.